तुमच्याकडे ऊन की उकाडा? गोव्यातल्या उन्हाळ्याचे अनुभव लिहा

ताळगाववाली
आमचं बिऱ्हाड ताळगावला आणि सासर सत्तरीत, वाळपईच्या पुढे. मधे पन्नासेक किलोमीटर असतील, पण मे महिन्यात दोन वेगळे मुलूख वाटतात. इथे पारा ३३-३४ च्या वर फारसा चढत नाही, टीव्हीवर विदर्भातले ४५ दाखवतात तेव्हा आपली तक्रार करायची पण लाज वाटते, पण आंघोळ करून पदर खोचेपर्यंत पाठ परत ओली. रात्री अकराला भिंतीला हात लावा, गरमच. सासरी दुपारी अंगणात अनवाणी उतरायची सोय नाही, कावळा चोच वासून फांदीवर बसलेला असतो, मात्र पहाटे जाऊबाई उठून फॅन बंद करतात आणि मार्चपर्यंत तर गोधडी लागते. गेल्या आठवड्यात ह्याच्यावरून घरात वाद झाला. नवरा म्हणे सत्तरीत जास्त उकडतं. मी म्हटलं तिथे ऊन लागतं, उकडतं ते इथे. सासूबाईंनी माझी बाजू घेतली (वर्षातून एकदा होतं असं) म्हणून म्हटलं धागाच काढावा. आपापल्या गावचं लिहा, उपाय कमी आणि अनुभव जास्त लिहा, सरबतांच्या रेसिप्या नकोत.

सोलापूरची सून, म्हापसा
माझ्या रुखवतात कूलर होता, हसू नका. सोलापूरला ४२-४३ असताना त्या कूलरसमोर बसलं की दात वाजायचे, बाबांनी हौसेने टेम्पोत घालून पाठवला. पहिल्या रात्री पाणी भरून लावला, तासाभरात चादर ओलसर, काडेपेटी पेटेना, ह्यांचा शर्ट अंगाला चिकटलेला. सासरे दारात येऊन उभे, म्हणाले, "अगो, हे यंत्र हवेत पाणी सोडतं ना? इथल्या हवेत पाणी आधीच भरलंय, आणखी कुठे मावायचं?" शाळेत शिकलेलं बाष्पीभवन तेव्हा कळलं. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, पण उडायला हवा कोरडी हवी ना. माठाचं तेच, माहेरी माठातलं पाणी घशाला झोंबायचं, इथे माठ नुसता घामाघूम होऊन बसतो आणि पाणी आपलं कोमट. घामाचं पण तेच हो, सोलापूरला घाम यायचा पण कळायचं नाही, इथे तो अंगावरून हलतच नाही. आता कूलरमधे कांदे ठेवते.

अजून एक, कुरडया. सोलापूरला गच्चीवर एका दिवसात खडखडीत. इथे दुपारी तीनपर्यंत छान कडक होतात आणि मग समुद्राकडचा वारा सुटला की परत मऊ, म्हणून वाऱ्याच्या आधी उचलायच्या. माझ्या जावेला घड्याळ लागत नाही, कुरडई वाकवून वेळ सांगते.

रोज पणजी ते उसगाव
स्कूटरवाला बोलतोय. सकाळी रायबंदरला मांडवीच्या कडेने छान वाटतं, दुपारी कामासाठी परत फिरायची वेळ आली की मजा बघा. किनाऱ्यावरचा वारा बाराच्या सुमारास सुटतो, जमीन तापली की तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची आत ओढली जाते, हे सगळ्यांना माहीत आहे, पण तो वारा नक्की कुठे संपतो ते मला माहीत आहे. बाणस्तारीचा पूल. पुलावर शर्ट फुगतो आणि पलीकडे चढ लागला की कुणी स्विच बंद केल्यासारखा पाठीला चिकटतो. दिवसागणिक थोडं मागेपुढे होत असेल, पण माझ्या हेल्मेटचा हिशोब हाच. मग म्हार्दोळच्या आसपास रस्त्याला कुळागर लागतं, माडा-पोफळीच्या खालून पाटाचं पाणी जातंय, तिथे दोन मिनिटं गाडी बंद करून उभं राहतो, एसी फिका. उसगावला मात्र भट्टी.

डिचोलीची टीचर
२०२३ चा मार्च कोणी विसरलंय का? शिमग्याचे दिवस, ९ आणि १० मार्चला शाळा बाराच्या आत सोडायचं सर्क्युलर आलं होतं, उन्हासाठी शाळा सोडायची वेळ माझ्या नोकरीत तेव्हा पहिल्यांदा आली. आणि त्याच आठवड्यात म्हादई अभयारण्यात आगी लागल्या, नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाण्याच्या बादल्या लोंबकळवत फिरत होती, वर्गातली पोरं खिडकीशी. पहाटे अंगणात राख पडलेली असायची, झाडून घ्या की परत.

गंमत अशी की आपल्याकडे सगळ्यात जास्त पारा मे मधेच चढतो असं नाही, फेब्रुवारी-मार्चमधे पण चढतो. त्या दिवसांत पूर्वेकडून जमिनीवरचा कोरडा वारा जोरात येतो आणि समुद्राच्या वाऱ्याला आत शिरूच देत नाही, तो दुपारी उशिरापर्यंत बाहेरच ताटकळतो. मग किनारपट्टीवर पण घाटाखालच्यासारखं ऊन पडतं. हवामान खात्याची उष्णतेच्या लाटेची व्याख्या सपाट प्रदेशाला ४० पासून सुरू होते आणि किनाऱ्याला ३७ पासूनच (शिवाय नेहमीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त हवं), ते आधी मला हास्यास्पद वाटायचं. त्या मार्चनंतर नाही वाटत. कपडे मात्र अर्ध्या तासात वाळायचे, ताळगाववाल्या ताईंना हेवा वाटेल.

मडगाव, मधे काही वर्षं लिस्बन
टीचरनी लिहिलंय त्यावरून लिहावंसं वाटलं. नवऱ्याला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला आणि आम्ही लिस्बनपासून जवळ कॅश्कायशला राहिलो. जुलैत समुद्रावर जायचं म्हणून मी कॉटनचा ड्रेस घालून गेले आणि कुडकुडत परत आले. तिथे उन्हाळाभर उत्तरेकडून वारा सुटतो, नोर्ताडा म्हणतात, तो किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ढकलतो आणि खालचं थंडगार पाणी वर येतं. पाय बुडवला की नडगी दुखते. असल्या पाण्यावरून येणारा वारा थंडच असणार. आपला समुद्र मे मधे ३० च्या आसपास गरम, त्याच्यावरून वारा येतो म्हणजे पेजेच्या टोपावरचं झाकण उघडल्यासारखं.

आणि तिथूनच गाडी काढून दोन तासांच्या आत आलेंतेजू ह्या आतल्या भागात एव्होराला गेलं की तेच ऊन ४० च्या घरात. ह्या भागात आमारेलेजा नावाचं गाव आहे, तिथे २००३ मधे ४७ च्या वर गेलं होतं. घरं सगळी चुन्याने पांढरी, खिडक्या इवल्याशा, भिंती आपल्या जुन्या चिऱ्याच्या घरांसारख्या जाड. आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या बाईकडे गेलो तर सकाळी नऊलाच तिने सगळ्या झडपा लावून घर काळोखं केलेलं, मी सवयीने खिडकी उघडायला गेले तर माझ्या हातावर चापट मारली तिने. ऊन बाहेर ठेवायचं असतं ते तेव्हा शिकले. मडगावला येऊन हाच प्रयोग केला, घर बंद केलं, तर तासाभरात आम्ही उकडलेली मुगां. इथे वारा हवाच.

ऑगस्ट २०१८ ला आम्ही तिथेच होतो, लिस्बनला ४४ झालं. नोर्ताडा पडला आणि आतल्या जमिनीवरून वारा आला. तुमच्या मार्चसारखंच. दुकानांत फॅन संपले, कारण बऱ्याच घरांत फॅनच नसतो, एवढी त्या समुद्रावर भिस्त.

आगरवाडा
आमच्यासाठी ऊन वाईट नाही. मिठागर आहे. मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) खारं पाणी आत घेतो, एका कोंडीतून दुसरीत नेत नेत ते दाट होतं, मग शेवटच्या वाफ्यात तापवत ठेवतो. नुसत्या उन्हाने मीठ पडत नाही, कोरडा वारा पण पाहिजे, दमट दिवस असला की पाणी तसंच बघत बसतं. बाबा पहाटे चारला उतरतात, नऊनंतर मिठावरून परत येणारा उजेड डोळे जाळतो. आणि एप्रिलात एक अवकाळी सर आली की पंधरा दिवसांचं काम पाण्यात, शब्दशः. तुम्ही लोक तेव्हा स्टेटसला मातीचा वास टाकता.

सांगेकर
आईचं माहेर कुर्डी. साळावली धरणाच्या पाण्यात गेलेलं, मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. बहुतेक वर्षी मे मधे पाणी उतरलं की गाव वर येतं, सोमेश्वराच्या देवळापाशी लोक जमतात, वाडें आणि वाळकिणीला वसवलेली सगळी मंडळी. मागच्या खेपेला आईला घेऊन गेलो. समुद्राचा वारा तिथवर येईतो दमून बसलेला असतो आणि सावली शून्य, कारण झाडांचे नुसते करपलेले बुंधे. चिखल वाळून भेगा पडलेल्या, त्यात पाय अडकतो. मी छत्री धरून मागे मागे, आई पुढे भराभर, तिला नकाशा लागतच नाही. घराचं जोतं तेवढं उरलंय. "हंय तुळस, हंय रांधचीकूड," असं इथे तुळस, इथे स्वयंपाकघर मला दाखवत होती. मग उंबरा होता त्या जागी चपला काढल्या, पाय टेकवला आणि चटका बसून लगेच उचलला. परत टेकवला. मी म्हटलं आये चपला घाल, पाय भाजतील. म्हणाली, घरात चपला घालून कोण जातं रे.

ताळगाववाली
सांगेकर, वाचून मी थोडा वेळ काही लिहूच शकले नाही. आत्ता सव्वाचार झालेत, वाळपईहून जाऊबाईंचा फोन, घाटाकडे काळं झालंय, गडगडतंय, मिरची गोळा करायला धावपळ चालू आहे. इकडे स्वच्छ ऊन आणि सकाळी घातलेली चादर अजून ओलीच.