मोटारहोमचा केबिनवरचा माळा झुकलाय, वरून प्लाय टाकू की उघडून काढू?

वाटसरू:
नमस्कार. आमचं मोटारहोम 1989 सालचं आहे, ड्रायव्हरच्या केबिनवर झोपायचा माळा असलेलं. लाकडी चौकट, बाहेरून नालीदार ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून पातळ प्लाय. माळ्याचं नाक खाली आलंय. दोरी ताणून पाहिली तर उजवा कोपरा डाव्यापेक्षा 25 मिमी तरी खाली आहे. उजवं दार उघडताना त्याची वरची कड माळ्याखालच्या पट्टीला घासते. गादी उचलली तर पुढच्या खिडकीखाली काळपट डाग दिसले. हाताला कोरडे लागतात, पण अंगठ्याने दाबलं की प्लाय आत जातो.

ओळखीतले दोघं म्हणतात वरून 18 मिमी प्लाय टाक. तिसरा म्हणतो दोन सीटच्या मध्ये लोखंडी पाइप उभा कर. माळ्यावर मुलगी झोपते, त्यामुळे मला वेळ मारून न्यायची नाही. हत्यारं आहेत, वेळही आहे. सुरुवात कुठून करू?

रंधा:
आधी गादी काढा, आणि काम पुरं होईपर्यंत मुलीला वर झोपवू नका. 25 मिमी म्हणजे आतला जोड सुटलेला आहे.

जाड प्लाय अजिबात नको. माळ्याची फळी स्वतःच्या बळावर तरंगत नसते. बाजूच्या दोन्ही भिंती केबिनवर पुढे आलेल्या असतात आणि खरं वजन त्या उचलतात, उभ्या तुळयांसारख्या. फळी त्यांच्यामध्ये बसवलेली असते. भिंतीची खालची पट्टी आणि पुढचा कोपरा कुजला की फळीला धरायला काही उरत नाही. त्यावर जाड प्लाय म्हणजे कुजक्या जोडावर आणखी ओझं. पाइपही नको. चालत्या गाडीत केबिन आणि मागचं घर एकसारखं पिळत नाही, तो सगळा ताण एका बिंदूवर येईल. शिवाय जोराचा ब्रेक लागला तर दोन सीटच्या मध्ये तो लोखंडी दांडा नको.

पाणी कुठून येतं ते आधी शोधा. डाग खिडकीखाली आहे म्हणून खिडकीच गळते असं धरून चालू नका. कपाळावरचे छोटे दिवे आणि कोपऱ्यांवरच्या मोल्डिंगचे (पत्र्याचा जोड झाकणाऱ्या पट्टीचे) स्क्रू या माझ्या मते पहिल्या संशयाच्या जागा. एकाला आत टॉर्च घेऊन बसवा आणि बाहेरून पाइपने पाणी सोडा, खालून सुरुवात करून हळूहळू वर. वरून सुरू केलंत तर ओघळ सगळीकडे जातो आणि काहीच कळत नाही.

मग बॅटरी सोडवा (दिव्यांच्या वायरी त्याच भिंतीत असतात), मास्क लावा आणि आतला प्लाय काढा. लाकडात आरी टोचून तिरकी उचला. चांगल्या लाकडाची लांब, चिवट ढलपी निघते. कुजलेल्याचे आखूड तुकडे टचकन मोडतात. चांगलं लाकूड लागल्यावरही थोडं पुढे जाऊन कापा, कारण कूज दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. लाकूड घट्ट करणारं इपॉक्सी वरवरच्या मऊपणाला ठीक आहे, वजन पेलणाऱ्या पट्टीला नाही.

उचलायचं काम चौकट उघडल्यावरच, आणि सावकाश. जमिनीवरून नुसता जॅक लावलात तर माळ्याआधी गाडीच स्प्रिंगवर वर येईल. म्हणून चासीखाली स्टँड लावून गाडी स्थिर करा. मग बॉनेटच्या दोन्ही बाजूंना धीरे (उभे टेकू), त्यांवर पूर्ण रुंदीचा आडवा वासा, आणि खाली बॉटल जॅक. एका वेळी दोन-तीन मिमी उचला, मग थांबा. पत्र्याला सुरकुती पडते का, खिडकीची चौकट कुठे आवळते का, बघत राहा.

लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या आत येईपर्यंत काही बंद करू नका. त्याखाली कुजवणारी बुरशी वाढत नाही. मी स्वतः 15 पर्यंत थांबतो. नवी पट्टी जुन्या चांगल्या लाकडाच्या कडेला लांब सरकवून बसवा. पॉलियुरेथेन गोंद आणि स्टेनलेस स्क्रू वापरा. टिकाऊ म्हणून तांब्याच्या औषधातलं लाकूड आणू नका, ओल मिळाली की ते ॲल्युमिनियमचा पत्रा खातं.

चाकांवरचं घर:
रंधा यांनी सगळं सांगितलंच आहे. एकच भर: मोल्डिंगखाली आधीच्या कुणी सिलिकॉन भरला असेल तर तो खरवडून पूर्ण काढा. त्याच्या थरावर ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) धरत नाही. मोल्डिंग बसवल्यावर दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा आवळा, टेप दबल्यावर ते ढिले पडतात.

वाटसरू:
उघडलं. पाणी उजव्या कोपऱ्यातल्या दिव्यामागून येत होतं, खिडकी कोरडी आहे. खालची पट्टी हाताने तुटून आली, स्क्रूंच्या जागी नुसता गंज. डावी बाजू शाबूत आहे. आता दोन प्रश्न. पुढची खिडकी कायमची बंद करून टाकू का? आणि फळीतला फोम भिजलाय, तो वाळवून चालेल?

रंधा:
डावी बाजू शाबूत आहे हे फार बरं झालं, उचलताना तिचीच उंची धरून चला.

खिडकी उघडत नसेल तर बंद करायला हरकत नाही, गळायची एक जागा कमी होईल. पण ती उघडणारी असेल आणि माळ्यावरून संकटात बाहेर पडायचा तोच मार्ग असेल, तर हात लावू नका. गळतीचं भय असलं तरी ती ठेवा आणि नव्या ब्युटाइलवर नीट बसवा.

फोम फेका. नवीन एक्सपीएस बोर्ड (कडक फोमचा तक्ता) घ्या आणि वर-खाली दोन्ही प्लायना पूर्ण पृष्ठभागावर गोंद लावून, वजनाखाली दाबून चिकटवा. फळीचा ताठपणा त्या चिकटण्यातूनच येतो, चार ठिपके लावून भागत नाही. गोंद फोम खाणारा नाही ना, ते आधी तुकड्यावर बघा. गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी टाका म्हणजे हवा खेळेल. झोपणाऱ्याच्या श्वासाची आणि अंगाची वाफ गार फळीवर जमते, आणि छत गळत नसतानाही माळे त्यानेच कुजतात.

मुलीला वर पाठवण्याआधी गोंद पूर्ण वाळू द्या, धीरे काढा, वर तिच्या दुप्पट वजनाच्या वाळूच्या गोण्या रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा दोरी ताणून मोजा.