भंडारदरा : जुलै की सप्टेंबर?

कोणीतरी लिहिलंय की भंडारदऱ्याला जुलैत जा, अंब्रेला फॉल हमखास दिसेल. हमखास म्हणता येणार नाही हो. हा धबधबा धरणातून पाणी सोडलं तरच दिसतो, पावसाच्या भरवशावर नाही. धरणाच्या मोरीतून सुटलेलं पाणी गोलसर खडकावरून पसरतं आणि छत्री होते, म्हणून ते नाव. धरण साधारण ऑगस्टच्या सुमारास भरतं, त्यामुळे जुलैत गेलात तर धुकं, धो धो पाऊस आणि अर्धा भरलेला जलाशय एवढंच पदरात पडण्याची शक्यता जास्त. मला तेही आवडतं, पण लहान मुलं सोबत असतील तर नको.

माझं मत सप्टेंबरअखेर. प्रवरेवरचं हे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं, क्षमता ११ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट). पण आकड्यांपेक्षा काठाकाठाने रतनवाडीला जाणारा रस्ता बघा. डावी-उजवीकडे कुठे पाणी, कुठे भातखाचरं, समोर रतनगड. रतनवाडीतल्या अमृतेश्वर मंदिराला किमान एक तास द्या, कोरीवकाम घाईत बघण्यासारखं नाही. बहुतेक जण फोटो काढून दहा मिनिटांत निघतात, जीव जळतो.

आणि काजवे बघायचे असतील तर यातलं काहीच लागू नाही. त्यासाठी मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा. फक्त शनिवार-रविवार टाळा, गाड्यांच्या दिव्यांपुढे काजवे काय दिसणार!