मदत हवी आहे : सयामी मांजर दिवसभर एकटं राहील का?

नमस्कार मंडळी,

पुण्यात पाचव्या मजल्यावर राहतो. आम्ही दोघंही नोकरीवाले, त्यामुळे घर सकाळी नऊला बंद होतं ते संध्याकाळी सातलाच उघडतं. वर्षातले काही महिने सासूबाई असतात, पण त्यांना दुपारच्या झोपेत टाचणी पडलेलीही चालत नाही.

एकांकडे 'ओरिजिनल सयामी' पिल्लू आहे. दीड महिन्याचं, जवळजवळ पांढरं, डोळे निळे, अंगावर छान झुबकेदार केस. विकणारा म्हणतो, ही थायलंडच्या राजवाड्यातली जात, आणि एसीत ठेवलंत तर रंग असाच गोरा राहील. खरं का? आणि स्वभावाला कशी असतात? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

— मनीची_आई

बोकोबा : एसीचं त्याने नेमकं उलटं सांगितलंय. सयामीच्या अंगात रंग तयार करणारं एन्झाइम उबेत नीट काम करत नाही, थंडाव्यात करतं. म्हणून धड फिकं, आणि नाक, कान, पंजे, शेपूट हे गार राहणारे भाग काळपट. आईच्या पोटात सगळीकडेच ऊब, त्यामुळे पिल्लं जन्मतात पांढरी आणि नंतर रंग धरतात. गार खोलीत वाढलेलं मांजर उलट जास्त गडद होतं.

जात थायलंडचीच, यात शंका नाही. तिथल्या मांजरांवरच्या जुन्या सचित्र पोथ्यांत 'विचियेन मात' नावाने ती येते. १८८४ मध्ये बँकॉकमधल्या एडवर्ड ब्लेंको गूल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने एक जोडी आपल्या बहिणीसाठी इंग्लंडला नेली आणि पुढच्याच वर्षी त्यांची पिल्लं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात झळकली. त्या काळच्या सयामींत तिरळे डोळे आणि गाठ असलेली शेपूट सर्रास दिसायची. पुढे ब्रीडरांनी निवड करत करत ते कमी केलं. राजवाड्याच्या गोष्टीचे वेगळे पैसे मात्र देऊ नका.

आता 'झुबकेदार केस'. सयामीचा कोट आखूड, अंगाला चिकटलेला असतो. तुमचं पिल्लू बहुधा पर्शियन मिक्स. निळे डोळे आणि गडद कान आपल्या गल्लीतल्या मांजरांतही निघतात, तेवढ्यावर जात ठरत नाही.

खिडकीतली_ताई : माझ्याकडे सयामी आहे म्हणून सांगते, दहा तास एकटं ठेवणार असाल तर नका घेऊ. ही मांजरं माणसाला चिकटून असतात. बाथरूमच्या दारापर्यंत मागे येतात, ड्रॉवर उघडायला शिकतात, आणि बोलतात. म्हणजे खरंच बोलतात! आवाज तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा. मादी माजावर आली की रात्रभर चालू, त्यामुळे वेळेत नसबंदी हवीच. सासूबाईंच्या झोपेचं काय करायचं ते तुम्ही बघा. घ्यायचंच असेल तर दोन घ्या, एकमेकांना सोबत होते. नाहीतर एखादं मोठं, शांत देशी मांजर दत्तक घ्या. आणि काहीही आणलंत तरी आधी बाल्कनीला मजबूत जाळी. कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी मांजर दातांनी कुरतडतं.

मनीची_आई : दोघांचेही आभार. दोन पिल्लं म्हटल्यावर नवरा काय म्हणेल ते मला ऐकूच येतंय. रविवारी पिल्लू बघायला जाणारच आहे, तिथे काय विचारू?

बोकोबा : पिल्लाची आई समोर दाखवायला सांगा, फोटो नको. दीड महिन्याचं पिल्लू तर अजिबात उचलू नका, निदान तीन महिने आईजवळ राहू द्या. चावणं-बोचकारणं किती, हे ते तिथेच शिकतं. ट्रायकॅटची (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्रित) लस साधारण आठ आठवड्यांपासून सुरू होते, तेव्हा दीड महिन्याच्या पिल्लाचं 'लसीकरण पूर्ण झालंय' असं म्हणाला तर कार्डावरची तारीख आणि डॉक्टरचा शिक्का बघा. 'आज टोकन दिलं नाही तर जाईल' म्हणाला, तर जाऊ द्या.