प्रतिसाद: लेटी मॅग्सानोक यांचं नाव राहिलं

फिलिपिन्समधे १९८६ साली हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष मार्कोसला लोकांनी घालवलं त्याचं श्रेय वर सगळ्यांनी रेडिओ व्हेरितास या चर्चच्या रेडिओ केंद्राला दिलंय, ते बरोबरच आहे, पण पेपरवाल्यांना विसरू नका राव. लेटी हिमेनेझ मॅग्सानोक या पत्रकार बाईंचं नाव यायलाच हवं. १९८१ मधे मार्कोसच्या शपथविधीवर खोचक लेख लिहिला म्हणून त्यांना पॅनोरमा साप्ताहिकाचं संपादकपद सोडावं लागलं. पुढे ऑगस्ट १९८३ मधे मनिला विमानतळावर मार्कोसचे विरोधी नेते निनॉय अक्विनोंना गोळी घातली, अंत्ययात्रेला लाखो लोक रस्त्यावर, आणि एका सरकारधार्जिण्या पेपरने बातमी काय मोठी केली तर गर्दीतला एक माणूस वीज पडून गेला!! तेव्हा प्रकाशक युजेनिया अपोस्टोल यांनी आपल्या मिस्टर अँड मिस या मासिकाच्या खास आवृत्त्या काढल्या आणि संपादनाला लेटीबाईंना बसवलं, लोकांना खरं काय ते तिथे वाचायला मिळालं.

१९९१ पासून थेट २०१५ च्या डिसेंबरमधे वारेपर्यंत त्या इन्क्वायरर या दैनिकाच्या मुख्य संपादक होत्या. १९९९ मधे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष एस्त्राडांच्या मर्जीतल्यांनी जाहिराती बंद करून पेपरची कोंडी केली तरी त्यांनी बातम्या काही सौम्य केल्या नाहीत. मला तर हा काळ मार्कोसच्या काळाइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण तोवर लोकशाही आली होती आणि दाबायची पद्धत फक्त बदलली होती.