बाबागाडी घेऊन पुणं फिरता येतं का? (मुलगी सव्वा वर्षाची)

जळगावकर_आई

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस पुण्यात आहोत. ह्यांचं ऑफिसचं ट्रेनिंग आहे, सकाळी नऊला जातील ते संध्याकाळी सातलाच उगवतील. म्हणजे दिवसभर मी, सासूबाई आणि आमची चिमी. उतरणार डेक्कनजवळ.

चिमी साडेनऊ किलोची आहे. कडेवर घेतली की दहाव्या मिनिटाला माझी कंबर बोलायला लागते, सासूबाईंचे गुडघे तर आधीपासूनच बोलत असतात. चालायला शिकलीय, पण तिला जिकडे जायचंय तिकडेच. म्हणून बाबागाडी आणावी का असा विचार चाललाय. इथे जळगावात ती फक्त सोसायटीच्या आवारात फिरते, रस्त्यावर काढायची हिंमत झालेली नाही. नणंद म्हणते, पुण्यात फुटपाथ आहेत, काही काळजी करू नकोस. नवरा म्हणतो, फुटपाथ आहेत, पण त्यावर बुलेट आहेत. खरं काय ते सांगा.

सासूबाईंच्या यादीत शनिवारवाडा, दगडूशेठ, तुळशीबाग, सारसबाग. माझ्या यादीत एकच: दुपारी पोरगी तासभर झोपली पाहिजे.

कडेवरच_बरं

आणू नका. कापडी झोळी घ्या, मूल छातीशी बांधा आणि बिनधास्त फिरा. आम्ही हौसेनं गाडी घेतली होती. ती आता गॅलरीत आहे, वरती कांदे पसरलेत.

दोन_पोरांचा_बाप

मी थोडा उलट्या मताचा. रस्त्यासाठी नको, पण मेट्रोसाठी आणा. रेल्वेनं येत असाल तर पुणे स्टेशनवर उतरून पुलावरून मेट्रोत जाता येतं. वनाझकडे जाणारी गाडी पकडा आणि डेक्कन जिमखान्याला उतरा. सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट आहे. तिकिटाच्या फाटकांत एक रुंद फाटक असतं, चाकाच्या खुर्चीसाठीचं, त्यातून जा. अरुंद फाटकात गाडी घुसवली की मागे रांग लागते आणि लोक सल्ले देतात.

तुळशीबागेसाठी सिव्हिल कोर्टला बदलून स्वारगेटकडे जाणारी मेट्रो घ्यायची, कसबा पेठ आणि मग मंडई. हा भुयारी भाग २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस सुरू झाला, त्याआधी मंडईत बाबागाडी नेणं म्हणजे बैलगाडी नेण्यासारखंच होतं. सरकत्या जिन्यावर मात्र गाडी चढवू नका, कितीही घाई असली तरी.

नवीपेठी_आजोबा

ताई, मी गेलं दीड वर्ष रोज नातीची बाबागाडी ढकलतोय. बँकेतून निवृत्त झालो तेव्हा दर रविवारी सिंहगड चढायचा बेत होता. आता रोज सकाळी नऊ ते अकरा ड्रायव्हरकी. तेव्हा ह्या विषयात मला थोडं कळतं असं धरून चाला.

आधी घरी गाडीची रुंदी मोजा. थट्टा नाही करत. दुचाक्या वर चढू नयेत म्हणून फुटपाथच्या तोंडाशी खांब रोवलेले असतात. मी एकदा टेप घेऊन आमच्या भागातले मोजून आलो (सौ. म्हणाल्या, आता हेच राहिलं होतं). कुठे दोन खांबांत ७० सेंटिमीटर, कुठे जेमतेम ५०. आमची गाडी ५८ ची. म्हणजे ५० वाल्या ठिकाणी नात कडेवर, गाडी आडवी उचलून खांबांच्या डोक्यावरून पलीकडे, पाण्याची बाटली गटाराच्या जाळीवर. आणि ज्याला अडवायला खांब लावले तो स्कूटरवाला पुढच्या बंगल्याच्या उतारावरून आरामात वर आलेला असतो, वर आपल्यालाच हॉर्न. तेव्हा गाडी अरुंद हवी आणि एका हातानं मिटणारी हवी. दुसऱ्या हातात पोर असणार.

पुण्यात बाबागाडी ठिकाणावर चालते, ठिकाणापर्यंत चालत नाही. रिक्षानं नाहीतर मेट्रोनं जायचं, तिथे उघडायची, काम झालं की मिटायची. मिटलेली गाडी रिक्षात पायांपाशी आडवी बसते.

तुम्ही डेक्कनला उतरताय हे फार चांगलं झालं. जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ ऐसपैस आहे, मधे मधे बाकं आणि मुलांची खेळणी. त्याच रस्त्यावर पाताळेश्वर. आठव्या शतकातली लेणी, अख्खी एका खडकात कोरलेली, समोर गोल नंदीमंडप. गाडी वर झाडाखाली ठेवा आणि पोरीला आत घेऊन जा, उन्हातही गार असतं. आमची नात नंदीला ‘हम्मा’ म्हणून हाका मारते आणि तो ओ देत नाही म्हणून रडते.

दुपारच्या झोपेचं औषध म्हणजे प्रभात रोडच्या गल्ल्या. झाडी आहे, रहदारी बेताची. फुटपाथच्या नादी लागू नका, सरळ रस्त्याच्या कडेनं ढकला. डांबर गुळगुळीत असतं. सिमेंटच्या ब्लॉकवर चाकं थडथडतात आणि लागलेला डोळा उघडतो. कमला नेहरू पार्क तिथून जवळ, जागी झाली की तिकडे.

शनिवारवाड्याचं बाहेरचं पटांगण गाडीला झकास. आत १८२८ च्या आगीतून उरलेले चौथरे, पायऱ्या आणि तटबंदी, गाडीचा काही उपयोग नाही. सासूबाईंना आत पाठवा, तुम्ही दिल्ली दरवाजासमोर पोरीला खिळे दाखवा. ते हत्तींनी धडक मारू नये म्हणून आहेत हे तिला आत्ता कळणार नाही, पण खिळे तिला आवडतील. केळकर संग्रहालय बघण्यासारखं आहे, पण जिनेच जिने. पर्वतीच्या १०३ पायऱ्या, तेव्हा गाडीसकट नाव काढू नका. तुळशीबागेत गाडी उघडायची नाही म्हणजे नाही. तिथे माणूस आडवा होऊन चालतो.

सारसबाग निवांत आहे. डिसेंबर म्हणजे तळ्यातल्या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घातलेली असते. आमची नात टोपी दोन मिनिटं डोक्यावर ठेवत नसे, बाप्पाची बघून आल्यापासून ठेवते. शेजारीच पेशवे पार्क, फुलराणी तिथली. १९५६ पासूनची ही झुकझुकगाडी, मी स्वतः हाफ चड्डीत बसलोय तिच्यात.

आणि एक. ११ डिसेंबर तुमच्या दिवसांत येत असेल तर लक्ष्मी रस्त्यावर नक्की जा. २०२१ पासून त्या दिवशी पादचारी दिन असतो, नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक वाहनं बंद. वर्षातला एक दिवस बाबागाडी रस्त्याच्या मधोमध.

जळगावकर_आई

काका, टेपच्या गोष्टीवर घरात सगळे हसले आणि मग ह्यांनी उठून मोजली. ५२! आणतेय.

अजून एक विचारायचं राहिलं. ती अजून अंगावर पिते, तेही मनात येईल तेव्हा. आणि लंगोट बदलायला जागा?

मंजिरीची_आई

पाजायला बागेतला कोपरा आणि एक मोठी ओढणी, मी तरी दोन वर्षं असंच निभावलं. स्वारगेटच्या बाजूला असाल तर एसटी स्टँडवरचा हिरकणी कक्ष त्यासाठीच असतो, विचारायला लाजू नका. लंगोट बदलायला मात्र वेगळी जागा मिळेल ह्या आशेवर राहू नका. गाडीची पाठ पूर्ण आडवी होते ना? मग तीच जागा. मी दुपटं, मेणकापड आणि एक रिकामी पिशवी खालच्या जाळीत ठेवायचे.

नाश्त्याला सकाळी लवकर जा. एका नावाजलेल्या ठिकाणी शनिवारी दहाला मला सांगितलं होतं, गाडी बाहेर ठेवा, आत वेटरला वळायला जागा नाही. बाहेर ठेवली. परत आले तर आत एक मांजर झोपलेलं.

कात्रजला प्राणी बघायला जाणार असाल तर बुधवार सोडून. आत बॅटरीवरच्या गाड्या असतात, सासूबाईंचे गुडघे वाचतील.

जळगावकर_आई

आलो परत! सांगितल्याशिवाय राहवेना.

पहिल्या दिवशी काकांचं न ऐकता डेक्कनहून चालत निघाले, पूल ओलांडून शनिवारवाडा किती लांब असणार म्हणून. पंधरा मिनिटांत तीनदा पोरगी काढली, तीनदा घातली. चौथ्यांदा ती आत बसायलाच तयार होईना. मग सासूबाईंनी पर्स, पिशवी, थर्मास सगळं गाडीत घातलं आणि स्वतः दांडा धरला. म्हणाल्या, मला आधार छान मिळतोय हिचा. तिथून पुढे चारही दिवस गाडी त्यांचीच! चिमी माझ्याच कडेवर, कंबर जिथल्या तिथे.

पण प्रभात रोडला झोपली. एक तास दहा मिनिटं. आम्ही दोघी एका गल्लीतून आत, दुसरीतून बाहेर, कुजबुजत बोलत, लग्नाला चार वर्षं झाली पण सासूबाईंच्या माहेरच्या इतक्या गोष्टी मी कधी ऐकल्या नव्हत्या. थांबलं की चिमी चुळबुळ करायची, म्हणून थांबायचीही सोय नव्हती.

सारसबागेत बाप्पाचा स्वेटर बघून सासूबाईंनी हात जोडायच्या आधी वीण बघितली. उलट-सुलट आहे म्हणाल्या.

११ तारखेला लक्ष्मी रस्त्यावर गेलो. चिमीला खाली सोडली. रस्त्याच्या बरोब्बर मध्ये बसली, दोन्ही हात डांबरावर थापटले आणि उठायलाच तयार नाही. एक पोलीस मामा बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, बसू द्या, आज चालतंय.

आता प्रश्न. गाडीचं पुढचं डावं चाक मंडईपाशी चेंबरच्या झाकणात अडकलं, तेव्हापासून लटपटतंय. नवीन घ्यायचं का दुरुस्त होतं?

नवीपेठी_आजोबा

नवीन कशाला. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे न्या. आमचं दोनदा केलंय. वॉशर बदलतो, तेल घालतो. चाक निघालंच आहे तर आसात अडकलेले केस काढून घ्या, बहुतेक तुमचेच असतील.