अनुभव धागा: वारशाने आलेलं हॉटेल आणि त्याच्या तळघरातलं दार

इटालियन दिग्दर्शक लुचो फुल्चीच्या 'द बियॉन्ड' या भयपटाचा (१९८१) विषय निघाला की दोन तट पडतात. कथेला शेंडा ना बुडखा म्हणणारे एकीकडे, आणि तो सिनेमा एकदा पाहिल्यावर डोक्यातून न गेलेले दुसरीकडे. हा धागा दुसऱ्या तटासाठी. न्यूयॉर्कहून आलेल्या लायझाला काकांचं लुइझियानातलं बंद पडलेलं हॉटेल वारशात मिळतं. ती डागडुजी काढते. ते हॉटेल नरकाच्या सात दारांपैकी एकावर बांधलंय हे कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. भीतीने तुम्हाला नेमकं कुठे गाठलं ते लिहा. शेवट उघड झाला तरी हरकत नाही.

सुरुवात मी करते. मला पहिलीच दहा मिनिटं पुरली. साल १९२७, पडद्यावर जुन्या फोटोंसारखा तपकिरी रंग. होड्यांतून मशाली घेऊन जमाव येतो आणि ३६ नंबरच्या खोलीतल्या चित्रकाराला करणी करणारा ठरवून हालहाल करून मारतो. तो सांगत असतो, यातून तुम्हाला मीच वाचवू शकतो. कुणी ऐकत नाही. त्या माणसांना आपण पुण्यकर्म करतोय असं वाटतंय, ते बघून माझ्या अंगावर काटा आला. लायझाला इमारतीबरोबर हा खूनही मिळालाय, आणि तिला कुणी तसं सांगितलेलं नाही. (फुल्चीचा जन्मही १९२७चाच.)

*

माझे वडील प्लंबर होते, मी त्यांच्या हाताखाली शिकलो. त्यामुळे 'जो' नावाच्या प्लंबरचा प्रसंग मला इतरांपेक्षा जास्त लागला. तळघरात पाणी साचलंय, गळती सापडत नाही. तो भिंत चाचपतो आणि फोडायला घेतो. आम्हीही असंच करायचो. ओल कुठून येते ते बघायचं, ठोकून बघायचं, पोकळ आवाज आला की समजायचं मागे जागा आहे. मागे काय असेल हा विचार त्या क्षणी मनात येत नाही, हात आपोआप चालतो. तो हात चालत असतानाच भिंतीतून दुसरा हात येतो. पुढचं डोळा उपसण्याचं दृश्य सगळ्यांना आठवतं. मला आठवतो तो त्याआधीचा त्याचा निवांत, सवयीचा चेहरा.

*

माझी ताई जन्मापासून अंध आहे. आम्ही सिनेमे एकत्र 'बघतो', मी हळू आवाजात सांगत जाते. इथे मला फार सांगावं लागलं नाही, कारण फाब्यो फ्रित्सीचं संगीत तिला पुढे नेत होतं. पियानो आणि मागून येणारे गाणाऱ्यांचे आवाज ऐकून ती म्हणाली, "आता कुणीतरी आलंय, पण वाईट नाहीये." पडद्यावर पाण्यावरचा तो लांबलचक सरळ पूल, रिकामा रस्ता, आणि मधोमध कुत्र्याला घेऊन उभी असलेली, लायझाला सावध करणारी अंध एमिली. दिवसाउजेडी, रक्ताचा थेंब नाही.

पुढे तोच कुत्रा एमिलीचा गळा फोडतो. ताईने मला थांबवायला सांगितलं. ज्याच्या भरवशावर पाऊल टाकायचं तोच उलटतो, याहून भयंकर या सिनेमात काही नाही, असं तिचं मत आहे. शेवटी लायझा आणि तिच्या मदतीला आलेला डॉक्टर दोघांचे डोळे पांढरे होतात, त्याची मात्र तिला भीती वाटली नाही. आंधळं होणं म्हणजे शिक्षा, हे डोळसांचं भय आहे, असं ती म्हणाली. मला ते पटलं.

*

वाचनालयात पडलेल्या माणसाचा चेहरा कुरतडणारे ते आठ पायांचे कोळी! त्यातले काही खोटे आहेत हे सरळ दिसतं, तरीही तो चावण्याचा आवाज सहन होत नाही. त्याआधी वाचनालयातून जेवायला निघून जाणारा माणूस म्हणजे खुद्द फुल्ची, हे कळल्यापासून तो प्रसंग आणखीच निर्दय वाटतो. संकटात सोडून जाणारा दिग्दर्शकच.

*

मला मामांचं घर मिळालं होतं, त्यामुळे लायझाच्या एका वाक्यावर मी अडकलो. मार्था आणि आर्थर ही नोकरमाणसं हॉटेलबरोबरच आलीत, असं ती सांगते. अगदी खरं! वारशात कुलपं येतात तशी माणसंही येतात. त्यांना घराची प्रत्येक खोली ठाऊक असते, आपल्याला काही नसतं, आणि कागदावर मालक आपण. मामांच्या जुन्या राखणदाराने एक खोली मला शेवटपर्यंत स्वतःहून दाखवली नाही. आत फक्त आजोबांची औषधं आणि पलंग होता. पण उघडेपर्यंतचे ते दिवस मी विसरणार नाही. रिकाम्या ३६ नंबरची घंटा वाजते तेव्हा मला त्या दाराची आठवण होते.

*

कथेला तर्क नाही म्हणणाऱ्यांना एकच विचारायचंय. दवाखान्याचा जिना उतरून लायझा आणि डॉक्टर हॉटेलच्या तळघरात कसे पोचतात, याचं उत्तर मिळालं असतं तर तुम्ही घाबरला असतात का? ते शेवटी ज्या राखाडी माळावर पोचतात, ते त्या चित्रकाराचंच चित्र आहे. सिनेमाने ते आपल्याला सुरुवातीलाच दाखवलेलं असतं.

*

नव्याने बघणाऱ्यांसाठी: अमेरिकेत १९८३ साली हा सिनेमा कापून, संगीत बदलून, 'सेव्हन डोअर्स ऑफ डेथ' नावाने आला होता. तो बघू नका. फ्रित्सीच्या संगीताशिवाय पुलावरचा प्रसंग निम्मासुद्धा उरत नाही. न कापलेली प्रतच मिळवा, आणि बघून झाल्यावर इथे लिहा.