चाळीस हजारांत पातळ लॅपटॉप: नवा कोरा की वापरलेला बिझनेस मॉडेल?

पंचवटीकर
नाशिकच्या सातपूर-अंबडचे छोटे युनिटवाले असोत नाहीतर पिंपळगावच्या पॅकहाऊसचे हिशेबनीस, सगळ्यांना एकच सल्ला मिळतो: "नवा पातळवाला घ्या, वॉरंटी असते." माझं मत उलटं आहे. टॅली, एक्सेल, जीएसटी पोर्टल आणि डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन एवढंच काम असेल तर वापरलेला बिझनेस लॅपटॉप घ्या. लेनोव्होचा थिंकपॅड टी४८०एस, डेलचा लॅटिट्यूड ७४९० किंवा एचपीचा एलिटबुक ८४० जी५. तिन्ही २०१८चे, तिन्ही इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये मिळतात, तोच बघून घ्या, म्हणजे विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. सातवी पिढी फुकट मिळाली तरी नको, विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५लाच संपला. शिवाय तिन्हींना लॅनचं पूर्ण आकाराचं पोर्ट आहे. सीएनसी मशीनला केबल लावायची तर डोंगल शोधत बसावं लागत नाही. वजन दीड किलोच्या आत. अजून किती पातळ हवं?

स्लॉटमोजणी
सल्ला बरा, पण तिन्ही मॉडेलं एका माळेत ओवू नका. टी४८०एसमध्ये ४ किंवा ८ जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर (कायमची डागलेली) असते आणि स्लॉट एकच. ४ जीबीवाला बोर्ड पदरात पडला आणि त्यात १६ची पट्टी टाकली तर २० जीबी दिसेल, पण ड्युअल चॅनेल, म्हणजे दुहेरी वाटेचा वेग, पहिल्या ८ जीबीपुरतंच. ७४९० आणि ८४० जी५ला दोन मोकळे स्लॉट असतात, ८+८ टाका आणि विसरा. पट्टी लॅपटॉपवाली डीडीआर४च घ्या. ३२००ची मिळाली तरी चालते, फक्त २४००वर उतरून पळते.

मॉडेलचं नाव मिळतंजुळतं असलं म्हणून आतला बोर्ड तसाच असेल असं नाही. थिंकपॅड एक्स१ कार्बन आणखी पातळ, पण त्यात रॅम पूर्ण सोल्डर. ८ जीबीचा घेतला की जन्मभर ८ जीबीच. जाडी मिलिमीटरमध्ये विचारण्याआधी "सोल्डर किती, स्लॉट किती" हे विचारा. नव्याला पण हाच प्रश्न.

जमाखर्च
दोघंही कराचा कागद विसरलात. नवा ४०,००० चा घेतला तर त्यात १८ टक्के जीएसटी म्हणजे साधारण ६,१०० रुपये. रेग्युलर नोंदणी असेल आणि बिलावर आपला जीएसटी नंबर असेल तर ते क्रेडिटमध्ये परत (आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा), खरी किंमत ३३,९०० च्या आसपास. वापरलेला माल विकणारा मार्जिन स्कीमखाली (फक्त नफ्यावर कर) बिल फाडत असेल तर खरेदीदाराला क्रेडिट शून्य. आयकरातला घसारा दोन्हीला सारखाच, ४० टक्के, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्मा. मग स्वस्ताई उरली किती?

आणि वेगाचं बोला. नव्यांतला साधा आय३-१२१५यूसुद्धा त्या जुन्यांतल्या आय५-८३५०यू प्रोसेसरला एका कोअरच्या कामात सहज मागे टाकतो. टॅली आणि मोठं एक्सेल बरंचसं एका कोअरवरच चालतं.

पंचवटीकर
क्रेडिटचा मुद्दा मान्य, पण तो सगळ्यांना लागू नाही. कंपोझिशनवाल्याला (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्याला) नव्यावरही क्रेडिट नाही. शिवाय वापरलेल्यावर रेग्युलर टॅक्स इन्व्हॉइस देणारेही आहेत, भाव ठरवायच्या आधीच विचारायचं. वेगाचं म्हणाल तर ८ जीबीच्या एकाच पट्टीवर, चाळीस टॅब उघडून बसलेला नवा आय३ पण कण्हतोच. पुढे रॅम वाढवू म्हणाल, तर २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव कुठे गेलेत ते बघा. १६ जीबी घालूनच मिळणारं जुनं मशीन आता जास्त परवडतं.

वायरकटर
जुन्याच्या बाजूने बोलणारे बॅटरीवर गप्प का? आठ वर्षांची मूळ बॅटरी म्हणजे नावापुरती. आणि "नवीन टाकून दिलीय" म्हणजे बहुतेक वेळा डुप्लिकेट. थिंकपॅडमध्ये तर न पटणारी बॅटरी बसवली की सुरू होतानाच मेसेज येतो आणि चार्जिंग होत नाही.

एमजी रोडला काउंटरवर उभं राहून करायच्या गोष्टी सांगतो, कोणीही दुकानदार आडकाठी करत असेल तर तिथूनच परत फिरा. कमांड प्रॉम्प्ट उघडून बॅटरी रिपोर्ट काढा. डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी शेजारी शेजारी दिसतात. टी४८०एसची मूळ ५७ वॉट-अवरची. ३५च्या खाली आली असेल तर बॅटरीचे पैसे भावातून कापा. फुल चार्ज डिझाइनइतकी तंतोतंत आणि सायकल शून्य दिसली तर खूश होऊ नका, संशय घ्या.

मग टी४८०एस असेल तर टाइप-सीचा चार्जर त्याच्या दोन्ही टाइप-सी पोर्टांना आळीपाळीने लावा. टी४८०, टी४८०एसच्या त्या काळातल्या थंडरबोल्ट (वेगवान टाइप-सी पोर्ट) फर्मवेअरमध्ये दोष होता. चिप आपल्याच फ्लॅशवर लिहीत राहायची, ती झिजली की पोर्ट मरतं. लेनोव्होने फर्मवेअरचं अपडेट दिलंय, पण पोर्ट जिवंत असताना टाकलं तरच उपयोग. घरी नेल्यावर पहिलं काम ते.

स्लॉटमोजणी
त्यात मोठी गोष्ट राहिली. विंडोज पूर्ण रीसेट करा आणि सेटअपला दुकानातच वायफाय जोडा. स्क्रीनवर कुठल्या तरी कंपनीचं नाव येऊन ऑफिसचा ईमेल मागितला तर मशीन त्यांच्या ऑटोपायलटमध्ये (कंपनीच्या मशीनांवर ताबा ठेवणारी मायक्रोसॉफ्टची सोय) अजून नोंदलेलं आहे. दुकानदार म्हणेल, "नेट न लावता सेटअप करून देतो." आज होईलही. पुढच्या रीसेटला परत तीच पाटी. आणि थिंकपॅड चालू करताना एफ१ दाबून बायोस (मशीनची मूळ सेटिंग) उघडा. सुपरवायझर पासवर्ड मागितला तर हात जोडा आणि निघा. थिंकपॅडला त्यावर कंपनीचा उपाय एकच, बोर्ड बदला.

जमाखर्च
बघा, एवढी झडती घ्यायला हिशेबनीसाला वेळ आहे का? २० तारखेला जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचं असतं. नवा घ्या, ऑनसाइट वॉरंटी पैसे टाकून वाढवून घ्या. साध्या वॉरंटीत मशीन सेंटरला नेऊन द्यावं लागतं, तो फरक बिल फाडण्याआधी बघा. फक्त ८ जीबी सोल्डर आणि स्लॉट नाही, असला घेऊ नका. थिंकपॅड ई१४च्या सहाव्या पिढीला दोन स्लॉट आहेत, चाळीसच्या वर जातो पण क्रेडिट धरून विचार करा.

वायरकटर
नवा घ्या की जुना, एसएसडी बदलताना गाडी एकाच जागी अडते. क्लोन (जुन्या ड्राइव्हची हुबेहूब नक्कल) करण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्हचं कुलूप, बंद करा, नाहीतर नवी ड्राइव्ह रिकव्हरी की मागत बसते आणि ती की कोणाच्या ईमेलवर आहे हे कोणालाच आठवत नसतं. टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवरून आधी सरेंडर करा, मगच नव्यावर चालू करा. थिंकपॅड उघडताना चार्जर काढा, बायोसमधून आतली बॅटरी डिसेबल करा, मग स्क्रू. टी४८०एसचे खालचे स्क्रू झाकणातच अडकून राहतात. हातात येत नाहीत म्हणून ओढू नका, ते तसेच असतात.